खालचं घर

रामदासपेठेतल्या एका खाजगी दवाखान्यात गोपिका नर्स होती आणि तिचा नवरा रुपराव एसटीच्या वर्कशॉपात फिटर. लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात मूल नव्हतं. तपासण्या झाल्या, औषधं झाली. गंडेदोरे तेवढे तिनं होऊ दिले नाहीत. छप्पन साली आईबापांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली ती, असलं काही सुचवायला आलेल्या बायकांना चहा पाजून वाटेला लावायची. मग एकदा जेवताना रुपरावच्या ताटात भाकर वाढता वाढता ती म्हणाली, "पोरगा नाई तं नाई. आपण घर बांधू. अर्धं किरायानं देऊ. म्हातारपणी तो किरायाच पोसंन आपल्याले."

"आन् किरायेदारानं नाई देला तं?"

"पोरगं तरी देतेच असं कुठी लिवलं हाय?"

रुपराव हसला. रुंद खांद्यांचा, थोराड माणूस. बोलायचा कमी, पण हसला की शेजारच्या खोलीत ऐकू जायचं.

घर हवं असण्याला आणखीही कारण होतं. तोवर दोघांनी नागपुरात कितीतरी खोल्या बदलल्या होत्या. खोली पाहायला गेलं की मालक आधी नोकरी विचारायचा, मग हळूच आडनाव. आडनाव ऐकलं की त्याला आठवायचं, खोली तर कालच एका नातेवाइकाला दिली. गोपिका अशा दारांवरून परत यायची आणि त्या दिवशी दवाखान्यात जरा जास्तच काम करायची.

एकोणसत्तर साली अजनीच्या पुढं एका शेतकऱ्यानं शेत मोडून लेआउट पाडला. तेव्हा तिकडं तुरीच्या वाळल्या धांड्यांशिवाय काही नव्हतं. गोपिका आणि तिच्या सोबतची नर्स सत्यवती, दोघींनी लागून लागून प्लॉट घेतले, हप्त्यानं. दवाखान्यातले लोक हसले, "जंगलात जाऊन राहता काय बाप्पा?" पण गोपिकेला हिशेब कळत होता. शहर वर्धा रोडनं सरकत होतं, आज ना उद्या इथवर येणारच होतं. प्लॉट तिनं स्वतःच्या नावावर घेतला. रुपरावच तसं म्हणाला.

प्लॉट फिटला तेव्हा पुढचा प्रश्न आला, बांधायचं कशातून? बँकेत गेली तर साहेबानं कागद उलटेपालटे करून परत दिले. लेआउट मंजूर नाही, जमीन कागदावर अजून शेतीचीच, कर्ज मिळणार नाही. रुपरावच्या वर्कशॉपातल्या पतसंस्थेनं दिलं, पण ते पाया आणि भिंतीपुरतं. स्लॅबला कमी पडत होतं.

सत्यवतीनं तिचा रस्ता काढला. अर्धा प्लॉट विकला आणि उरलेल्यात दोन खोल्या बांधल्या, कोणाचं देणं न ठेवता. "तूही तसंच कर वं," ती म्हणाली. "लहान घर, पण झोप तं येते."

गोपिकेला ते पटलं नाही. जमीन एकदा गेली की परत येत नाही आणि दोन खोल्यांत किरायेदार कुठं ठेवायचा? ज्यासाठी घर बांधायचं तेच निघून जात होतं.

मग नत्थूजी मिस्त्रीनं तोड सांगितली. नत्थूजींनी त्या भागातली पहिली पाच-पन्नास घरं उभी केली होती, त्यामुळं त्यांचा शब्द चालायचा. ते म्हणाले, "बाई, खालते पूर्ण मकान काढा. तीन खोल्या, सैपाकखोली, न्हाणी, मागं संडास. वरते तुमच्यासाठी दीड खोली, त्यावर टिना. खालचं किरायानं द्या, खालच्याले दाम जास्त येते. आन् किरायेदाराकडून पयलेच डिपॉझिट घ्या, त्याच्यात स्लॅब पडते. दर महिन्याच्या किरायातून अर्धं वळतं करत जा. सारे तसंच करून राहिले."

व्याज नाही, जामीनदार नाही, जमीन मोडायची नाही. रुपरावनं तेवढं एक विचारलं, "आपण वरते चढू, पण पुढं पाय थकले म्हणजे?"

"पाय थकेपर्यंत डिपॉझिट फिटून जाते," गोपिका म्हणाली. "मंग त्यायले म्हणू, बाबा, आता तुमचं तुम्ही पाहा. आपण खालते येऊ."

असं डिपॉझिट देऊ शकणारा माणूस दवाखान्यातच भेटला. मधुसूदन इतवारीत कापडाच्या दुकानात होता, मूळचा रामटेककडचा. त्याची बायको कौसल्या क्षयानं गोपिकेच्या वॉर्डात महिनोन् महिने होती. बरी झाली, पण एक फुप्फुस कामातून गेलं. घरी पाठवायची वेळ आली तर घरच राहिलं नाही. मालकानं खोकल्याच्या भीतीनं सामान बाहेर काढून ठेवलं होतं. मधुसूदन पोरं आणि आईला घेऊन एका ओळखीच्याकडं पडवीत राहत होता आणि जिथं खोली विचारी तिथं कोणी ना कोणी आधीच जाऊन सांगून ठेवी, क्षयाचं घर आहे म्हणून.

त्याच्याकडं रामटेकच्या धानाच्या वावरातला स्वतःचा हिस्सा विकून आलेले पैसे होते. ते सगळे तो डिपॉझिट म्हणून द्यायला तयार झाला.

"डॉक्टर म्हणतात तिले आता काही नाई," तो गोपिकेला म्हणाला. "पण डॉक्टरचं कोण आयकते, सिस्टरबाई?"

"मी आयकते," गोपिका म्हणाली. "मीच तं देत होते तिले सुया."

दाराशी उभं राहून नकार ऐकणं काय असतं हे तिला माहीत होतं. तिनं त्याला ना आडनाव विचारलं ना आणखी काही. बहात्तरच्या दिवाळीआधी स्लॅब पडला, आणि मधुसूदनचं बिऱ्हाड खाली आलं. गोपिका-रुपराव बाहेरच्या अरुंद जिन्यानं वर राहायला गेले.

पुढची काही वर्षं चांगली गेली. मधुसूदन एक तारखेला किराया आणून द्यायचा, कधी दोन तारीख झाली नाही. कौसल्या उन्हाळ्यात सांडया-कुरडया करायची आणि ताट वर पाठवायची. रविवारी दुपारी मधुसूदन आणि रुपराव खालच्या छपरीत पत्ते घेऊन बसायचे. तुरीचं वावर कधी मोडलं कळलंही नाही. समोर घरं आली, चक्की आली, पानठेला आला. पंच्याहत्तर साली एका दलालानं गोपिकेला घराची मोठी किंमत सांगितली. सत्यवती म्हणाली, विकून टाक, पुढच्या लेआउटमध्ये दोन प्लॉट येतील. गोपिकेनं नाही म्हटलं. किराया येत होता, डिपॉझिट फिटत होतं, सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

एकोणऐंशीच्या मार्च महिन्यात रुपराव वर्कशॉपात बसच्या खाली झोपून नट कसत होता. पाना हातातून पडला, तो उचलायला गेला तर हात हलेना. लोकांनी ओढून बाहेर काढलं. उजवी बाजू पूर्ण गेली होती. वाचाही गेली, पुढं थोडी परत आली, पण शब्द तोंडात फुटाणे धरल्यासारखे यायचे.

महिन्याभरानं दवाखान्यातून घरी आणलं. रिक्षा फाटकाशी थांबली आणि गोपिकेनं पहिल्यांदा त्या जिन्याकडं नीट पाहिलं. रस्त्यासाठी जागा सोडायची म्हणून नत्थूजींनी तो भिंतीला चिकटवून, मधे काटकोनात वळवून काढला होता. खुर्चीवर बसवून दोघांनी उचलावं तर वळणावर खुर्ची अडे. मधुसूदन दुकानातून धावत आला होता. त्यानं एकदा वर पाहिलं, एकदा रुपरावकडं, मग उकिडवा बसला.

"भाऊ, माह्या पाठीवर या."

रुपराव त्याच्यापेक्षा दीडपट होता. मधुसूदन एकेक पायरी भिंतीला हात टेकत चढला. वर पोचला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

त्या दिवसापासून रुपराव वर अडकला. संडास खाली, न्हाणी खाली. गोपिका दवाखान्यात परक्यांचं जे करायची तेच घरी करू लागली. त्याचं तिला काही वाटत नव्हतं, रुपरावला वाटे. भांडं लावताना तो भिंतीकडं तोंड करी. मे महिन्यात छपराच्या टिनांखाली भट्टी झाली. गोपिका ओली पोती टाकून ड्यूटीवर जायची आणि येईपर्यंत ती करकरीत वाळलेली असायची. फिरवून-चालवून घेतलं तर माणूस सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण फिरवायचं कुठं? दीड खोलीत?

शेवटी एका संध्याकाळी ती खाली गेली. मधुसूदन जेवत होता. ती उंबऱ्याशी बसली.

"मधुभाऊ, डिपॉझिट तं मागंच फिटलं. तुमाले माहीत हाय."

"हो बाई."

"मले आता खालचं घर पायजे."

मधुसूदनचा घास हातातच राहिला. त्याची म्हातारी आई कोपऱ्यातून बघत होती. कौसल्या चुलीपुढून उठली आणि परत खाली बसली.

"मी कुठी जाऊ, सिस्टरबाई?" तो म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता, खरंच विचारत होता. "मी पाहून राहिलो, तुमाले काय वाटलं? भाऊले पाठीवर घेतलं तवापासून पाहून राहिलो. तीन खोल्या सोडा, दोन खोल्याचा किराया माह्या पगाराएवढा सांगतात. अन् डिपॉझिट वेगळं. वावर तं कवाच गेलं."

"मंग अदलाबदल करू. तुम्ही वरते या."

त्यानं कौसल्येकडं पाहिलं. उत्तर गोपिकेलाही ठाऊक होतं. एका फुप्फुसावर ती बाई तो जिना दिवसातून एकदाही चढू शकली नसती, आणि टिनांखालच्या उकाड्यात तर एक उन्हाळा निघणं कठीण. सहा माणसं दीड खोलीत झोपणार कशी हा त्यानंतरचा प्रश्न.

"एक खोली द्या," गोपिका म्हणाली. "समोरची बैठक. नुसता त्यायचा पलंग टाकायले."

मधुसूदन पटकन म्हणाला, "घ्या. काहून नाई? रविवारी खाली करून देतो. हे मले आधीच सुचाले पायजे होतं."

गोपिका वर आली तेव्हा तिला जिना चढल्यासारखं वाटलंच नाही. रुपरावला सांगितलं तर त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. शनिवारी तिनं पलंगाची नवार ओढून घेतली आणि त्याच्यासाठी नवीन धोतरजोडी आणली.

रविवारी सकाळी मधुसूदन एकटाच वर आला. दाराशी उभा राहिला, आत येईना.

"काय झालं?"

"माहा साळा वकिलाच्या हापिसात बसते..." तो जमिनीकडं पाहत होता. "तो म्हणते, एक खोली देली का ताबा सुटते. मंग मालक बाकीच्या खोल्याही काढून घेते, कायद्यानं काही करता येत नाई. तो म्हणते, लेकरायले रस्त्यावर आणशीन काय?"

"मी काढीन तुमाले रस्त्यावर?"

"तुम्ही नाई काढणार, बाई. पण उद्या तुम्हीच नसल्या तं? घर कोणाकडं जाईन? तुमच्या पुतण्यायकडं? भाशायकडं? ते मले ओळखतात काय?"

त्यात खोटं काही नव्हतं. पलंगावरून रुपराव काहीतरी बोलला. दोघांनी तिकडं पाहिलं. त्यानं परत जोर लावून म्हटलं, "राहू... दे."

मधुसूदन खाली निघून गेला.

सत्यवतीनंच तिला आनंदराव वकिलांकडं नेलं. वकील सरळ माणूस होते, उगाच आशा दाखवणारे नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं. आपल्याकडे भाडेकरूला नुसती नोटीस देऊन काढता येत नाही. आधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागते, मग दिवाणी दावा, मधे अपील. स्वतःची गरज खरी आहे हे दाखवावं लागतं.

"आता त्याच्यात दाखवायचं काय? माणूस पडून आहे," गोपिका म्हणाली.

"ते म्हणतील, बाईंना राहायला वरचं घर आहे. ते म्हणतील, भाडेकरूची बायको आजारी आहे. दोन्हीकडं आजारच आहे, बाई. कोणाचा मोठा, ते कोणीतरी ठरवणार. वेळ लागेल."

"किती?"

आनंदरावांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही अर्ज तर करा."

लेआउटमधला तो दलाल मधूनच एकदा आला. आता तो दाढी रंगवायचा आणि त्याच्यासोबत दोन तगडी माणसं असायची. त्यानं सांगितलं, कोर्टकचेरीत आयुष्य जाईल, त्यापेक्षा काम आम्हाला द्या, आठ दिवसांत मकान खाली. नळ तोडू, संडासाला कुलूप लावू, त्याउपर आमची माणसं आहेतच. गोपिका खिडकीशी उभी होती. खाली कौसल्या अंगणात बसून गहू निवडत होती आणि दर दोन घासांनी माणूस पाणी पितो तसं थांबून श्वास घेत होती. गोपिकेनं दलालाला जायला सांगितलं. तो म्हणाला, "मंग बसा." त्यात दमदाटी नव्हती, त्याला खरोखर तिची कीव आली होती.

खटला सुरू झाला तरी किराया एक तारखेला येतच राहिला. फक्त आता मधुसूदन तो हातात देत नसे; साळ्यानं सांगितल्याप्रमाणं मनिऑर्डरनं पाठवी. पोस्टमन फाटकातून आत यायचा, खाली मधुसूदनच्या आईला रामराम घालायचा आणि वर येऊन गोपिकेला पैसे द्यायचा. किराया तोच होता, बहात्तरचा. समोरच्या नव्या घरात तेवढ्याच खोल्यांना चौपट पडत होते. गोपिकेनं वाढवून मागितला असता तर त्यालाही वेगळा अर्ज होता.

आणि दर महिन्याला रुपरावला तपासणीला न्यायची वेळ आली की ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहायची. हाक मारायची नाही. मधुसूदन खालून पाहायचा, दुकानाची थैली ठेवून वर यायचा आणि दाराशी उकिडवा बसायचा.

"या, भाऊ."

लोकांना याचं मोठं नवल वाटे. पानठेल्यावर म्हणत, हे पाहा, घर सोडत नाही पण मालकाला पाठीवर वाहते. सत्यवती तर चिडायची. "याले म्हणतात नाटक," ती म्हणे. गोपिकेला तसं कधी वाटलं नाही. तसं वाटलं असतं तर सोपं झालं असतं. रुपरावला पाठीवरून उतरवताना मधुसूदन त्याच्या लुळ्या पायाखाली आधी आपला हात देई, पाय पलंगाच्या लाकडावर आपटू नये म्हणून. एवढं नाटकात कोण करतं? ती त्याचा मनापासून तिरस्कारही करू शकत नव्हती, आणि त्याच्याविरुद्ध तारखेला मात्र जात होती.

एका तारखेआधी आनंदरावांनी सांगितलं, यजमानांना प्रत्यक्ष आणा. डोळ्यांनी पाहिलं म्हणजे फरक पडतो. त्या सकाळी गोपिकेनं रुपरावची दाढी केली, कोट घातला. मधुसूदनलाही तीच तारीख होती, तो पांढरा सदरा घालून खाली तयार होता. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग तो वर आला.

"सदरा चुरगळंन," गोपिका म्हणाली.

"चुरगळू द्या."

एकाच रिक्षात सगळे मावले नसते, म्हणून मधुसूदन सायकलनं मागं मागं आला. कचेरीतही रुपरावला पाठीवर घेऊन त्यालाच पहिला मजला चढावा लागला. चपराशी विचारत होता, हा पेशंटचा मुलगा काय? बाकड्यावर दुपारपर्यंत बसले. रुपरावचं डोकं एका बाजूला कलायचं, कधी गोपिका सरळ करायची, कधी मधुसूदन. तीन वाजता कळलं की साहेब दौऱ्यावर गेलेत, पुढची तारीख मिळेल.

परत आल्यावर जिना चढताना रुपरावनं मधुसूदनच्या मानेत तोंड घातलं होतं आणि तो काहीतरी पुटपुटत होता. वर आल्यावर गोपिकेनं विचारलं, काय म्हणत होते?

"म्हणत होते, पुन्हा नको नेऊ," मधुसूदन म्हणाला. "सिस्टरबाई, मले एखादी कशीही जागा भेटली ना तं मी आजच्या आज..." तो गेलाच होता तशी जागा शोधायला, कितीदा तरी. गोपिकेला माहीत होतं. एकदा मनीषनगरकडं स्वस्तात खोली मिळते म्हणून गेला, तर तिथं नुसत्या आखलेल्या रेषा होत्या.

एक्क्याऐंशीच्या शेवटी निकाल लागला. गोपिकेची गरज खरी ठरली, परवानगी मिळाली. सत्यवतीनं पेढे आणले. पंधरा दिवसांत मधुसूदनच्या वकिलानं अपील टाकलं आणि अपिलात त्या परवानगीला स्थगिती मिळाली. पेढ्यांचं खोकं अजून फडताळात होतं.

अपील पडून राहिलं आणि ब्याऐंशीच्या मे महिन्यात, टिना सगळ्यात जास्त तापल्या होत्या त्या आठवड्यात, रुपरावला दुसरा झटका आला. गोपिका दुपारच्या ड्यूटीवर होती. कौसल्येला वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला. जी बाई कधी जिना चढत नव्हती ती चढली, वळणावर बसून श्वास घेतला, पुन्हा चढली. रुपरावचं डोकं मांडीवर घेऊन तिनं त्याला पाणी पाजलं. दोन घोट गेले. गोपिका पोचली तेव्हा कौसल्या तशीच बसून होती, आणि कोणाला धाप लागलीय आणि कोण गेलंय हे दारातून तिला पटकन कळलं नाही.

तिरडी वळणावरून फिरत नव्हती. लोक उभी करून न्यावी का, दोरानं सोडावी का, म्हणून वाद घालू लागले. मधुसूदननं सगळ्यांना बाजूला केलं आणि या वेळी पाठीवर नाही, दोन्ही हातांवर घेऊन तो रुपरावला खाली घेऊन आला.

तेरा दिवसांची कामं तिच्याकडं नव्हती. भिक्खू येऊन वंदना झाली, माणसं पांगली. महिन्याभरानं आनंदरावांनी तिला बोलावलं. बोलायला त्यांना जड जात होतं.

"बाई, आपला अर्ज रुपरावांच्या गरजेवर उभा होता. त्यांना जिना चढता येत नाही, म्हणून खालचं घर हवं. आता समोरची बाजू म्हणणार, ती गरज राहिली नाही. आणि कायद्यानं ते बरोबर आहे."

"म्हंजे ते गेले म्हणून मी हारली?"

"नव्यानं अर्ज करता येईल. तुमच्या स्वतःच्या गरजेवर. तुमचं वय होईल, गुडघे दुखतील..."

"तवा या, असंच ना?"

तिनं नमस्कार केला. त्यांनी फी घेतली नाही, ते तिला आणखीच लागलं.

दोन वर्षांनी ती निवृत्त झाली. खाजगी दवाखान्याची पेन्शन नसते. हाती थोडी रक्कम आली, ती पतसंस्थेच्या आणि कोर्टाच्या मागच्या देण्यात गेली. घराचा टॅक्स वाढत होता, पावसाळ्यात टिना गळत होत्या आणि किराया होता तेवढाच होता. तिनं घर विकायचं ठरवलं. गिऱ्हाइकं यायची, लेआउट पाहून खूश व्हायची, आता तर तिथून बस जात होती. मग विचारायची, "खाली कोण राहते?" किरायेदार म्हटलं की बूट घालायला लागायची. पंच्याहत्तर सालच्या किमतीलासुद्धा कोणी हात लावेना.

एका सकाळी मधुसूदनच वर आला. त्याचा मोठा मुलगा नोकरीला लागला होता, दुकानाच्या मालकानं काही उचल देऊ केली होती. त्यानं आकडा सांगितला. रिकामं घर असतं तर जेवढं आलं असतं त्याच्या निम्म्याला तो पोचत नव्हता.

"मले माहीत हाय, हे कमी हाय," तो म्हणाला. "याच्याहून जास्त माह्याकडं नाई. तुम्ही जिवंत हात तवरी वरचं तुमचंच. तसं लिहून देतो. किराया नाई, काही नाई."

"मी नाई म्हटलं तं?"

"तं नाई. मी काय करणार?" तो थांबला. "अन् तुम्ही तरी काय करणार, बाई?"

सत्यवतीनं हातापाया पडून सांगितलं, विकू नको, थांब, कायदा बदलेल, किमती वाढतील. तिचं खरंच होतं; सत्यवतीच्या अर्ध्या प्लॉटवरच्या दोन खोल्या आता किती किमतीच्या झाल्या होत्या हे दोघींनाही ठाऊक होतं. पण थांबायला काहीतरी लागतं. गोपिकेच्या गुडघ्यांनी आवाज करायला सुरुवात केली होती. तिनं दोन दिवस विचार केला, म्हणजे विचार करण्यासारखं काही सापडतंय का ते पाहिलं. मग हो म्हटलं.

रजिस्ट्रीच्या दिवशी लिहिणाऱ्यानं पेन थांबवून विचारलं, "ताबा कधी देणार?"

गोपिका मधुसूदनकडं पाहू लागली. मधुसूदन खिडकीबाहेर.

"बाई, घराचा ताबा? तारीख सांगा."

"त्यायच्याकडंच हाय," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर मधुसूदननं तिच्यासाठी उसाचा रस मागवला. दोघांनी उभ्या उभ्या प्याला. तो म्हणाला, या पावसाळ्याआधी वरच्या टिना काढून स्लॅब टाकू. तिनं मान हलवली.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी गोपिका अंगणात कपडे वाळत घालत होती. फाटकाशी एक तरुण जोडपं थांबलं. मुलगी पोटुशी होती, मुलाच्या हातात वर्तमानपत्राची घडी. ते सकाळपासून हिंडत असावेत, दोघांच्या चपला धुळीनं भरल्या होत्या.

"मावशी, इथं किरायानं खोली भेटंन काय?" मुलानं विचारलं. "लहानशी असली तरी चालते. घर तुमचंच हाय ना?"

गोपिकेनं हातातलं लुगडं पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं.

"मालक दुकानात गेले हायेत," ती म्हणाली. "संध्याकाळी येजा. त्यायले विचारा." मग त्या मुलीकडं पाहून तिनं फाटक उघडलं. "उनात काहून उभी राह्यली वं? ये, सावलीत बस. पाणी आणते."